पाणदरवाजाची उमरावी

१

माणूस नाकासमोर चालणारा होता. सकाळी साडेनऊला कचेरीत, दुपारी साडेचारला मुलीच्या शाळेच्या फाटकाशी, पाचला घरी. बायको दुसऱ्या एका शाळेत शिकवायची आणि सहाला यायची, म्हणून मुलीला आणायचं काम त्याच्याकडे. कचेरीत तो संकलक होता. नामशेष झालेल्या पदव्यांचा इतिहास छापणं हे त्या संस्थेचं काम. कुठली सरदारकी कुणाला मिळाली, किती पिढ्या चालली, कशी बुडाली. वारस संपले की पदवी संपायची, आणि पदवी संपली की ती संकलकाच्या टेबलावर यायची. मेलेल्यांच्या याद्या करून त्याचा संसार चालला होता आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. मेलेली माणसं उलट बोलत नाहीत.

या धंद्याला चोरांचा उपद्रव फार. एकाने वर्षानुवर्षं दफ्तरं चाळून वंशावळ जुळवायची आणि दुसऱ्याने ती उचलून आपल्या नावावर छापायची. म्हणून संस्थेत एक जुनी रीत होती. प्रत्येक खंडात एक माणूस खोटा घालायचा. आईबापांसकट, जन्मतारखेसकट, पण साफ खोटा. तो दुसऱ्याच्या पुस्तकात दिसला की चोर सापडला. कचेरीत त्याला 'पाहुणा' म्हणत. पाहुणा कोण, हे संकलक आणि मुख्य संपादक सोडून कुणालाच ठाऊक नसे.

पाहुणे सहसा दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे असत आणि तान्हेपणीच गेलेले दाखवत, म्हणजे पुढचा घोळ नाही. पाणदरवाजाच्या उमरावीचा खंड छापायला जायचा, त्या दिवशी मात्र संकलकाला घाई होती. मुलीचा सातवा वाढदिवस होता, केक आणायचा होता, आणि पाहुणा घालायचा राहून गेला होता. ही पदवी ऐंशी वर्षांपूर्वी बुडालेली. शेवटच्या उमरावाची एक बहीण घर सोडून गेली होती, तिचं पुढे काय झालं याचा पत्ता नव्हता. त्याने तिच्याखाली दोन पिढ्या ठोकून दिल्या आणि तळाच्या चौकटीत एक मुलगी बसवली. तारीख सुचेना, म्हणून आपल्याच लेकीची घातली. मृत्यूच्या रकान्यात 'बालपणीच निधन' लिहायला पेन टेकवलं, पण हात पुढे जाईना. वाढदिवसाच्या दिवशी कसलं हे अभद्र, असं म्हणून त्याने रकाना कोरा सोडला आणि केक आणायला पळाला.

२

खंड बाहेर पडला. त्यानंतर चौथ्या दिवशी तो मुलीला घेऊन जिना चढत होता. मुलगी सात वर्षांची, घरी तिला चिंगी म्हणत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कुणीतरी लाकडी खुर्ची आणून ठेवली होती आणि तिच्यावर एक म्हातारा बसला होता. करडा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. चिंगी जवळ येताच म्हातारा उठून उभा राहिला. ती पुढे गेल्यावर बसला.

असेल कुणाचा तरी सासरा, चढताना दम लागला असेल, असं संकलकाला वाटलं. दुसऱ्या दिवशीही म्हातारा तिथेच. पुन्हा उठला, पुन्हा बसला. तिसऱ्या दिवशी संकलक मुद्दाम चिंगीला मागे ठेवून एकटाच वर गेला. म्हातारा ढिम्म हलला नाही. चिंगी आली तसा उठला.

"ते आजोबा तुला बघून का उभे राहतात गं?" घरात आल्यावर त्याने विचारलं.

"उभंच राहतात," चिंगी म्हणाली. यात विचारण्यासारखं काय आहे, अशा सुरात.

त्याच संध्याकाळी आवाज सुरू झाला. चिंगी आतल्या खोलीतून स्वयंपाकघरात गेली आणि कुठेतरी खुर्ची मागे सरकली. फरशीवर लाकडाचे पाय ओढल्याचा, साधा, ओळखीचा आवाज. ती बाहेरच्या खोलीत आली, पुन्हा एक खुर्ची सरकली. संकलकाला वाटलं, वरचे असतील. मग त्याला आठवलं की वर फक्त गच्ची आहे आणि पाण्याची टाकी.

"भिंतीतून येतो," बायको म्हणाली. "जुनी इमारत आहे. तुम्ही उगीच कान लावून बसता."

कान लावायची गरज आठवड्याभरात उरली नाही. चिंगी खोलीत शिरली की आधी एक खुर्ची सरकायची, मग आणखी दोन, मग बऱ्याच. शाळेत मुख्याध्यापक वर्गात आले की सगळी पोरं उठतात, तसं. तो मोजू लागला. आकडा एकोणीसवर येऊन थांबला आणि तिथेच राहिला.

चिंगी बदलली होती. दार बंद असलं की ती ढकलायची नाही, समोर उभी राहायची, कुणी उघडेपर्यंत. आईने हाक मारली तर लगेच वळायची नाही. रागावून नव्हे, त्या हाकेशी आपला संबंध नसावा तशी.

३

संकलकाने शेवटी म्हाताऱ्याला गाठलंच. चिंगी शेजारणीकडे खेळत होती.

"कुणाकडे आलात आपण?"

"सरकारांकडे," म्हातारा म्हणाला. आवाज मऊ, बोलणं अदबीचं, पण नजर संकलकाच्या खांद्यावरून पलीकडे. "पाणदरवाजाहून आलो. छापून आलं तेव्हा कळलं. फार दिवस रिकामं होतं हो घर."

संकलक वर्षानुवर्षं कागदपत्रं पारखलेला माणूस. कुणीतरी पाहुणा ओळखला, आपली तारीख शोधून काढली आणि आता गंमत चालवली आहे, असं त्याने स्वतःला समजावलं. "हे बघा, ती नोंद खोटी आहे," तो म्हणाला. "मीच घातली आहे. अशी मुलगी नाहीच."

"आहे ना," म्हातारा म्हणाला. "लिहिताना आपल्या डोळ्यासमोर होती. तिथेच तर आम्हाला दिसली."

त्या रात्री जेवण झाल्यावर संकलकाने स्वतःचाच खंड उघडला. एकोणीस उमराव. मान मिळाल्याच्या तारखा एकूण एक होत्या. समाधी किंवा थडगं एकाचंही नव्हतं, तशी तळटीपही त्यानेच दिली होती. त्याखाली त्याचा आवडता परिच्छेद होता, ज्याबद्दल मुख्य संपादकाने त्याची पाठ थोपटली होती. शेवटच्या पाच उमरावांची कारकीर्द: अकरा वर्षं, चार वर्षं, एक वर्ष, दोन महिने, एकोणीस दिवस. 'उत्तरोत्तर अल्पायुषी ठरलेल्या या घराण्यास अखेर वारस पुरले नाहीत,' असं त्याने मोठ्या ऐटीत लिहिलं होतं.

चिंगी पाणी प्यायला उठली. तिच्या पावलासरशी एकोणीस खुर्च्या सरकल्या.

४

मुख्य संपादकाला कचेरीत टाचणी म्हणत, कारण तो बोलला की कुठेतरी टोचायचंच.

"पाहुणा काढायचाय," संकलक म्हणाला. "शुद्धिपत्र छापू. सगळ्या प्रतींत चिकटवू."

"कारण?"

"तारीख माझ्या मुलीची आहे. बरं वाटत नाही."

टाचणीने चष्मा कपाळावर चढवला. "अहो, इतकी वर्षं झाली तुम्हाला इथे. नोंद वाढवायची तर संकलकाची सही पुरते. काढायची तर मृत्यूचा दाखला लागतो. आपल्या दोघांच्याही आधीचा नियम आहे."

"पण ती खोटी आहे."

"हे बाहेर सांगू? मग लोक विचारतील, आणखी किती खोट्या आहेत? कपाळमोक्ष होईल संस्थेचा." तो जरा विचारात पडला आणि त्याचा चेहरा खुलला. "मुळात चूक तुमचीच. पदवी निर्वंश म्हणता आणि तळाला जिवंत पोर ठेवता? मरणाची तारीख टाका तिला. खोट्या पोरीला खोटं मरण. दाखल्याचं मी बघतो, त्यात काय एवढं. आत्ता लिहून द्या, चारपर्यंत छापून मिळेल."

त्याने कागद पुढे सरकवला. संकलकाने पेन उघडलं. या सगळ्यावर आपला काडीचा विश्वास नाही, असं तो गेले दोन आठवडे स्वतःला बजावत होता. त्या विश्वास नसलेल्या माणसाचा हात कागदावर गेला आणि तिथेच थांबला. कुठली तारीख लिहायची? कालची? मग आज घरी कोण असेल? उद्याची लिहिली तर?

"उद्या देतो," तो म्हणाला.

"तुमची मर्जी," टाचणी म्हणाला, आणि दुसऱ्या कागदांकडे वळला.

५

बसून राहिला असता तर कदाचित बरं झालं असतं. पण तो संकलक होता, त्याला कागद नीट वाचता यायचे, आणि तिथेच घात झाला. पदवीच्या मूळ सनदेत एक वाक्य होतं: हयात मुलांत जे वयाने मोठं, मान त्याचा, मुलगा-मुलगी भेद नाही. नोंद काढता येत नव्हती. वाढवता येत होती. चिंगीच्या आधी जन्मलेलं एक मूल वर घातलं की चिंगी मागे.

त्याने एक मुलगी बनवली, मनाला येईल ती तारीख टाकली, सही केली, शुद्धिपत्र छापून घेतलं. संध्याकाळी एकोणीसच्या एकोणीस खुर्च्या सरकल्या. जिन्यावर म्हातारा म्हणाला, "पाहिलं आम्ही. तिथे कुणी दिसलं नाही. लिहिताना आपल्या डोळ्यासमोर कुणी नव्हतं."

"म्हणजे खरं मूल हवं?"

वरून चिंगीची पावलं वाजली होती, म्हातारा उठून उभा राहिला होता.

संकलक दोन दिवस झोपला नाही. रस्त्यातल्या पोरांकडे बघायचा आणि मान खाली घालायचा. कुणाची जन्मतारीख आपल्याला माहीत आहे, हा विचार त्याला करायचा नव्हता, कारण उत्तर त्याला कधीचंच ठाऊक होतं. त्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी. घाऱ्या डोळ्यांची, म्हणून तिला घारू म्हणत. चिंगीपेक्षा आठ महिन्यांनी मोठी. ती झाली तेव्हा इस्पितळाच्या बाहेर बाकावर रात्रभर हाच बसला होता, मेहुणा गावाला होता म्हणून. नर्सने पहिल्यांदा तिला याच्याच हातात दिलं होतं.

तारीख लिहिताना त्याला तोच चेहरा दिसला, दुपट्यातला, लालबुंद. त्याने तो पुसायचा प्रयत्न केला नाही. पुसला तर उपयोग नव्हता. सही करताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि सही मात्र रोजच्यासारखी स्वच्छ उमटली.

त्या संध्याकाळी वळणावरची खुर्ची नव्हती. चिंगी धाडधाड जिना चढली, लाथेने दार उघडलं, आईने हाक मारताच "आले" म्हणून ओरडली. घर गप्प होतं. संकलकाने आईस्क्रीम आणलं. बायकोने विचारलं, "आज काय विशेष?" तो म्हणाला, "काही नाही. जरा मोकळं वाटलं." ते खरं होतं. इतकं हायसं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

६

"दादा, गंमत सांगू?" तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. "आमच्या बाजूच्या रिकाम्या जागेत कुणीतरी राहायला आलंय वाटतं. दिवसभर खुर्च्या ओढतात मेले. घारू इकडून तिकडे गेली की नेमका आवाज."

"जुन्या इमारती," संकलक म्हणाला. "भिंतीतून येतात आवाज."

"तसंच असेल. आणि बाईसाहेबांना हल्ली दार उघडून लागतं बरं का. कुठून शिकली कोण जाणे."

त्याने फोन ठेवला आणि नळ सोडून बराच वेळ हात धुतले. अजून वेळ होता. बहिणीला सांगता आलं असतं: पोरीला घेऊन लांब जा, किंवा निदान, मी हे केलं. त्याने दोनदा फोन उचलला. दोन्ही वेळा आतून चिंगीचा हसण्याचा आवाज आला, आणि त्याने फोन खाली ठेवला.

सहाव्या दिवशी घारू शाळेतून घरी आली नाही. शाळेचा पहारेकरी रडकुंडीला आला होता. "कोट घातलेला म्हातारा होता," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "पण पळवून नेतोय असं वाटलंच नाही हो. पोरगी पुढे, ताठ मानेने. तो दोन पावलं मागे, तिचं दप्तर घेऊन. मला वाटलं, तीच त्याला कुठेतरी घेऊन चाललीय. मीही उभा राहिलो. का राहिलो, माहीत नाही."

बहीण राहायला याच्याकडेच आली. तिकडच्या घरात तिला बसवेना. मेहुणा दिवसभर चौक्या पालथ्या घालायचा, आणि ती बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली असायची.

"दादा, तू शंभर-शंभर वर्षांपूर्वीची माणसं शोधून काढतोस," ती म्हणाली. "माझी एक मुलगी शोधून दे."

"देतो," संकलक म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता.

७

घारूला नेल्याला नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी संध्याकाळी बहीण तशीच बसली होती, संकलक समोर वर्तमानपत्र धरून होता. बायको यायची होती. चिंगी आतल्या खोलीतून उठली. आत्याला पाणी आणायला स्वयंपाकघराकडे निघाली, आणि बंद दारासमोर जाऊन उभी राहिली.

दार उघडलं. संकलकाने ते उघडलं नव्हतं.

खुर्च्या सरकल्या. त्याचे ओठ आपोआप मोजू लागले. सतरा, अठरा, एकोणीस. मग थोडं थांबून, विसावी. हलकी, लहान मुलाची, उचलून न ठेवता कर्रकन ओढलेली.

बहिणीने मान वर केली. "दादा," ती म्हणाली, "घारू अशी ओढते खुर्ची. कितीदा सांगितलं तिला, उचलून ठेवत जा म्हणून."

दाराच्या फटीतून त्याला ओटा दिसायला हवा होता, भांड्यांची मांडणी, खिडकी. तिथे फरशी होती, लांबच लांब, आणि दोन्ही बाजूंनी उभी असलेली माणसं. चेहरे त्याने पाहिले नाहीत, किंवा पाहिले आणि लक्षात ठेवले नाहीत. जवळच्या टोकाला, सगळ्यांत शेवटी, शाळेच्या कपड्यांत एक मूल उभं होतं. चिंगीच्या मानासाठी ताठ उभं होतं, हात बाजूला सरळ. त्याने फक्त डोळे वळवून संकलकाकडे पाहिलं. डोळे घारे होते. त्यांत राग नव्हता. मामाने का, एवढंच त्याला कळलं नव्हतं.

मग ओटा होता, मांडणी होती, आणि चिंगी पाण्याचा पेला घेऊन येत होती. बहीण धावत स्वयंपाकघरात गेली. तिथे ती किती तरी वेळ खुर्च्या शोधत राहिली. त्या घरात स्वयंपाकघरात खुर्च्याच नव्हत्या, जेवायला सगळे खाली बसत.

संकलक दार उघडून जिन्यात गेला. वळणावर खुर्ची होती. म्हातारा बसला होता, कोट नीट घासलेला.

"नऊ दिवस," संकलक म्हणाला. "नऊच दिवस?"

"आता वारस कमीच दिवस पुरतात," म्हातारा म्हणाला. म्हणताना त्यालाही वाईट वाटत असावं.

बायको सहाला आली, नणंदेच्या पाठीवरून हात फिरवून तिला झोपवलं, आणि चहाचा कप घेऊन संकलकाच्या शेजारी येऊन टेकली. तो कोरा कागद पुढे घेऊन बसला होता.

"तुझ्या वर्गाची यादी आहे का गं जवळ?" त्याने विचारलं. "दुसरीची. जन्मतारखांची."

"हजेरीपटात आहे. कशाला?"

"संस्था मुलांना वाढदिवसाला पुस्तकं पाठवणार आहे. मला म्हणाले, तुमच्या घरीच शिक्षिका आहे, तुम्हीच यादी आणा."

"बरं झालं," ती म्हणाली. घरात इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला कुणी साधं काही विचारलं होतं. तिने पिशवीतून हजेरीपट काढला, चष्मा लावला. "अडतीस आहेत. सगळी हवीत?"

"चिंगीपेक्षा मोठी तेवढी सांग."

तिने बोटावर हिशोब केला. "एकवीस निघतील." आणि ती वाचू लागली. पहिली तारीख त्याने लिहून घेतली आणि पेन तसंच धरून ठेवलं.

"नुसती तारीख नको," तो म्हणाला. "जरा सांग ना, दिसायला कशी आहे. काय करते."

"ही?" बायको हसली, आठवून. "ही पुढचे दोन दात पडलेली. 'स' म्हणता येत नाही तिला, आणि नेमकी कविता म्हणायला सगळ्यांत आधी हात वर करते. केसांची सारखी एकच बट चावत असते."

"हं," संकलक म्हणाला. त्याने डोळे मिटले. दिसेपर्यंत मिटून ठेवले, मग उघडून तारखेपुढे खूण केली. "पुढची."

तिने सांगितली. मग तिच्या पुढची. तिला प्रत्येक मूल पाठ होतं, सांगताना तिचा चहा निवून गेला. एकवीस झाल्यावर तिने हजेरीपट मिटला, नवऱ्याच्या कागदाकडे पाहिलं, आणि तिला सुचलं.

"आणि आपली? तिलाही पुस्तक आवडेल की. घालू का तिचं नाव?"

"नको," तो म्हणाला. "आपली राहू दे."